एमव्हीटी: फोनवरची पाळत पकडणारं फुकट पण कडक साधन

सरकारी पाळतीचा संशय असलेला फोन तपासायचा, तर मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट (एमव्हीटी) याला फुकटात तोड नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने पेगासस या हेरगिरी सॉफ्टवेअरचा तपास जाहीर करताना, जुलै २०२१मध्ये, ते सगळ्यांसाठी खुलं केलं. बटणं-बिटणं काही नाहीत, सगळं टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून. लिनक्स किंवा मॅक संगणक हवा आणि त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा.

आयफोनचा सगळा खेळ बॅकअपवर. तो एन्क्रिप्टेडच, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, घ्यायचा. उलटं वाटेल, पण साध्या बॅकअपमध्ये सफारीचा इतिहास आणि कॉलच्या नोंदी येतच नाहीत. उलगडलेली प्रत वेगळी बनते, म्हणून डिस्कवर बॅकअपच्या दुप्पट जागा ठेवा. पासवर्ड कमांडमध्येच लिहिलात तर तो टर्मिनलच्या हिस्टरीत पडून राहतो. साधन विचारेल तेव्हाच द्या. आणि आधी ‘डाउनलोड-आयओसीज’ ही कमांड चालवा. पाळतीच्या सॉफ्टवेअरच्या ओळखखुणांची यादी अशी उतरवली नाही तरी तपास पुरा होतो, काहीच जुळत नाही आणि माणूस उगाच निर्धास्त होतो.

खरी करामत डेटा-वापराच्या नोंदींत दिसते. पेगासस ‘बीएच’, ‘रोलअबाउटडी’ अशा, सिस्टिमच्याच वाटाव्यात अशा नावांनी चालायचा. पुढे तो या नोंदींच्या एका तक्त्यातून आपल्या प्रोसेसचं (चालू प्रोग्रॅमचं) नाव पुसू लागला, पण दुसऱ्या तक्त्यातली तिच्या डेटा-वापराची नोंद तशीच राहिली. बिननावाची ही नोंद एमव्हीटी बरोबर उचलतं.

निकाल वाचताना मात्र घाई नको. मेसेजमध्ये घातक लिंक सापडली म्हणजे कुणीतरी डाव टाकला, एवढंच. फोन हॅक झालाच असं नव्हे. काहीच न सापडणं म्हणजे फोन स्वच्छ, असंही नाही, कारण जुळणी फक्त माहीत असलेल्या खुणांशी होते.

अँड्रॉइडवर निराशा. मुळात फोनच जुन्या नोंदी फार जपत नाही, त्याला साधन काय करणार?

परवान्यात फोनमालकाच्या संमतीची अट आहे, आणि ती योग्यच. इशारा आला तर फोन रिसेट करू नका, पुरावा जातो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या डिजिटल सुरक्षा हेल्पलाइनला गाठा. काही मिळालं नाही तरी बॅकअप पुसू नका. नव्या खुणा आल्या की तोच पुन्हा तपासता येतो.