सांगलीतल्या काकूंचं शिवणकाम: जुन्या वळणाची पोलकी आणि भिंतीवरचा दरफलक

आमच्या हौशी नाट्यसंस्थेची वेशभूषा मी बघते. राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर जुन्या काळातलं नाटक हाती घेतलं की पहिली अडचण येते ती पोलक्यांची. साड्या मिळतात. कुणाच्या आजीची इरकल असते, कुणाच्या सासूबाईंची नऊवारी ट्रंकेतून निघते. पोलकी मात्र मिळत नाहीत. भाड्याने कपडे देणाऱ्यांकडे असतात ती चकचकीत साटिनची, पाठीला नाडी आणि लटकनं लावलेली. १९४२ सालची बाई त्यात उभी राहिली की पहिल्या रांगेतल्या आज्या लगेच कुजबुजायला लागतात. सांगलीत तर हे चालतच नाही. १८४३ साली मराठी नाटकाची सुरुवात झाली ती याच गावात, आणि इथला प्रेक्षक अजूनही बाहीची लांबी बघतो.

गावभागातल्या एका बोळात, जुन्या घराच्या पुढच्या खोलीत एक काकू शिवतात. दाराला पाटी नाही. आम्ही सगळे नुसतं 'काकूंकडे' म्हणतो. दोन मशीन, कापायचं टेबल, भिंतीला आरसा, आणि गिऱ्हाइकांच्या कापडांची गाठोडी पार वर, छताजवळच्या फळीवर. २०१९ च्या पुरानंतर त्यांनी खाली काही ठेवणंच सोडून दिलं.

जुनी फॅशन शिवून देतो म्हणणारे बरेच असतात. काकूंचं वेगळेपण असं की 'जुनं' म्हटल्यावर त्या आधी साल विचारतात. १९१५ च्या आसपासची शिकलेल्या घरातली बाई असेल तर गळा बंद, कडेला लेस, बाही कोपराच्या खाली, पुढे बटणं. चाळीसच्या दशकातली असेल तर फुग्याची आखूड बाही. साठ सालची असेल तर फुगा गेला, बाही कोपरापर्यंत आली आणि दंडाला बसली. बालगंधर्वांचं जन्मगाव नागठाणे आमच्याच जिल्ह्यातलं. त्यांच्या रंगभूमीवरच्या साड्या-पोलक्यांची नक्कल घरोघरच्या बायका करत, हे इथल्या जुन्या घरांमध्ये अजून सांगितलं जातं. काकू अशा घरांतले जुने फोटो मागून घेतात, भिंग लावून शिवणी बघतात आणि मगच कात्री उचलतात.

मागच्या नाटकासाठी त्यांनी खणाचं फुग्याच्या बाहीचं पोलकं शिवलं, ते मी शेजारी बसून पाहिलं. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान आणि काठ दोन्ही किनारींना विणलेला. हा काठ बाहीच्या खालच्या कडेला यायला हवा, म्हणजे ती कड सरळच ठेवावी लागते, तिला गोलाई देता येत नाही. फुग्याला लागणारं जास्तीचं कापड मग सगळं वरच, मुंढ्याच्या म्हणजे बाही जोडतात त्या बाजूला काढायचं. काकूंनी बाहीच्या माथ्यावर धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घातल्या, दोन्ही दोरे एकदम ओढले आणि चुण्या खांद्याच्या शिवणीच्या पुढेमागे दोन-दोन इंचांतच गोळा केल्या. काखेकडे एकही चुणी जाऊ दिली नाही. तिथे चुणी गेली की हात खाली सोडल्यावर बाही पिशवीसारखी लोंबते, आणि बाजारातल्या 'रेट्रो' ब्लाउजांमध्ये नेमकं हेच दिसतं. काखेत जुन्या पद्धतीचा चौकोनी तुकडा लावलेला. त्यामुळे नटीने हात वर केला तरी पोलकं कमरेपासून उचललं जात नाही. पूर्वी फुगा उभा राहायचा तो खळीच्या जोरावर. इथे आतून कडक जाळीची बोटभर पट्टी आहे, कारण दिव्यांखाली घामाने खळ टिकत नाही. पुढे हाताने केलेली काजं आणि बटणं दिसतात, पण ती नुसती दिसायला. खाली टिचबटणं आहेत. दोन प्रवेशांच्या मध्ये कपडे बदलायला मिनिटभर मिळतं, तेव्हा याची किंमत कळते.

नवी घडण असेल तर आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या जाडसर सुती कापडावर, कच्चं शिवून अंगावर घालून बघतात. त्याचे १०० रुपये वेगळे, आणि ते आधीच सांगतात. खण एकदा चुकीचा कापला की तसाच दुसरा मिळत नाही, त्यामुळे हे शंभर रुपये वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दरांबद्दल. मला जास्त लिहायचं आहे ते याच्याबद्दलच.

काकूंच्या भिंतीवर हाताने लिहिलेला दरफलक आहे. साधा सुती ब्लाउज ३००, अस्तराचा ५००, जुन्या वळणाचं पोलकं ८५० पासून पुढे. त्याखाली ठळक अक्षरांत: 'अल्टर: पाव तासाला ५० रुपये. उसवण्याचा वेळ धरून.' ही शेवटची ओळ मी दुसऱ्या कुठल्याच शिवणवाल्यांकडे वाचलेली नाही. बाकी सगळीकडे अल्टरचा दर म्हणजे 'द्या काहीतरी', 'तुमच्याकडून काय घ्यायचं', नाहीतर गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगितलेला आकडा. त्यात कधी गिऱ्हाईक नाडलं जातं, पण बहुतेक वेळा शिवणारीच मरते.

एका संध्याकाळी एक बाई अस्तराचा रेडिमेड ब्लाउज घेऊन आल्या होत्या. बाह्या दंडात रुतत होत्या. काकूंनी ब्लाउज उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "दोनशे होतील वहिनी."

"नवा शिवायचे पाचशे आणि नुसत्या बाह्यांचे दोनशे? काय हो काकू!"

काकू चिडल्या नाहीत. त्यांनी ब्लाउज टेबलावर पसरला आणि बोट ठेवून दाखवायला लागल्या. "हे बघा, दोन्ही बाह्या उसवायला पाव तास. ओव्हरलॉक आहे, घाईत ओढलं तर कापड फाटतंय. शिवणीच्या आतला दाब कापून टाकलाय, सोडायला कापडच न्हाई. म्हणजे काखेत तुकडा घालायचा, अस्तराला वेगळा आणि वरच्या कापडाला वेगळा. अर्धा तास. परत बाह्या बसवायच्या आणि इस्त्री, पाव तास. झाला की तास. नवा शिवताना मी चार ब्लाउज एकदम कापते, एका रंगाचा दोरा लावून चारी ओढते. तुमच्या या एकासाठी दोरा, बॉबिन सगळं बदलायचं."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि ब्लाउज ठेवून गेल्या. पटल्यावर लोक पैसे देतात. कुढतात ते कशाचे पैसे दिले हे कळत नाही म्हणून.

तासाला २०० हा आकडा कुठून आला, हेही काकू विचारलं तर सांगतात. दिवसाचे दहा तास खोली उघडी असली तरी मशीनवर जेमतेम सहा तास बसणं होतं. बाकीचा वेळ मापं घेणं, ट्रायल, दोरे-अस्तर आणायला बाजारात जाणं, आणि 'सहज आले होते' म्हणणाऱ्यांशी बोलणं यात जातो. सहा तासांचे १२००. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३०,०००. त्यातून खोलीचं भाडं, वीज, सुया-दोरे-हुक, मशीनची दुरुस्ती आणि काज-बटणाला अर्धा दिवस येणाऱ्या मुलीचा पगार गेला की पंधरा-सोळा हजार हातात राहतात. लग्नसराई सोडून रोज सहा तासांचं कामही नसतं. चाळीस वर्षं हातात कला असलेल्या बाईची ही कमाई आहे. हा हिशोब ऐकल्यापासून मी कुठल्याही शिवणवाल्या बाईशी घासाघीस करत नाही, आणि आमच्या संस्थेच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात 'अल्टर' असा वेगळा रकाना घालायला लावला आहे. पूर्वी तो खर्च 'किरकोळ'मध्ये जायचा.

त्यांचे दोन नियम मला विशेष रास्त वाटतात. स्वतः शिवलेल्या कपड्याचं फिटिंग चुकलं तर महिन्याच्या आत फुकट नीट करून देतात, एक शब्द न बोलता. पण अंग सुटलं किंवा बारीक झालं म्हणून आणलात तर दर लागतो. आणि त्यांच्या कपड्यात दोन्ही बाजूंच्या शिवणींना पुढून-मागून एकेक इंच दाब सोडलेला असतो, म्हणजे ब्लाउज पुढे तीन इंचांपर्यंत सैल करता येतो. हे काम पाव तासाचं, ५० रुपयांचं. शहरातल्या एका झगमगीत दुकानात मी शिवून घेतलेल्या ब्लाउजला पाव इंचही दाब ठेवला नव्हता. आत ओव्हरलॉकची कड आणि लगेच शिवण. तो ब्लाउज वर्षभरात कपाटात गेला. स्वस्त-महाग ठरवायचं ते असं आत बघून.

काम पैशाच्या तोलाचं नसेल तर काकू ते घेतही नाहीत. कॉलेजातली एक मुलगी ३०० रुपयांचा कुर्ता घेऊन आली होती. खांदे उतरवायचे, बाह्या, बाजू, सगळंच. काकू तिला म्हणाल्या, "अगं, अडीचशे होतील. त्यापेक्षा नुसत्या बाजू आत घे, साठ-सत्तरात भागतंय. खांद्याला दुपट्टा येतोयच की." असं सांगणारी शिवणवाली मिळणं दुर्मीळ.

आता उणं काय ते. वेळ पाळणं हे काकूंचं बलस्थान नाही. दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराईत तारखेवर आठ दिवस धरूनच चला; नाटकाच्या कपड्यांसाठी मी त्यांना प्रयोगाची तारीख सांगतच नाही, रंगीत तालमीची सांगते. ट्रायलला वेगळी खोली नाही, पडदा ओढून आतल्या स्वयंपाकघरात जावं लागतं, आणि तिथे उजेड कमी. ताणलं जाणारं (स्ट्रेच) कापड, जीन्स आणि पुरुषांचे कोट त्या घेत नाहीत. कोटाचं काम वेगळं असतं, ते कोटवाल्याकडेच न्यावं. कच्ची पावती देतात, त्यावर रक्कम असते पण कामाचा तपशील नसतो. तेवढा लिहायला लागल्या तर संस्थांना हिशोब देणं सोपं जाईल. मी हे त्यांना बोलले आहे.

जाणार असाल तर सोमवार सोडून, सकाळी अकराच्या आत जा. दुपारनंतर गर्दी होते. अंगाला बरोबर बसणारा एक जुना ब्लाउज मापाला न्या, आणि जुन्या वळणाचं काही हवं असेल तर फोटोही न्या. मोबाइलवरचा चालतो, पण बाही आणि गळा स्पष्ट दिसायला हवा. सुती आणि खणाचं कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून द्यायचं. न धुतलेलं दिलंत तर त्या परत पाठवतात.