हनुवटी की हँडल?

ताम्हिणी घाटात निघायचं ठरलं की अ‍ॅक्शन कॅमेरा कुठे लावायचा यावर आमच्यात वाद ठरलेला. माझं मत फुल-फेस हेल्मेटच्या हनुवटीला. मान वळेल तिकडे दृश्य वळतं, बाइकची बरीचशी थरथर आपल्या अंगातच जिरते आणि उरलेली गोप्रो कॅमेऱ्याचं हायपरस्मूथ, म्हणजे चित्र स्थिर ठेवणारी सोय, सांभाळते. वेगळा माइक गालाच्या पॅडमागे सरकवला की आवाजही वाऱ्यात हरवत नाही. माझ्या गोप्रो हीरो १२ चं वजन १५४ ग्रॅम. दुपारपर्यंत मानेला ते कळतं. शिवाय चहाच्या टपरीवर लोक आपल्याशी नाही, कॅमेऱ्याशी बोलतात!

हँडलवर क्लॅम्प दोन मिनिटांत बसतो, मीटरही फ्रेममध्ये येतं. पण सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे सिंगल सिलिंडर बाइकच्या कंपनाने रस्ता जेलीसारखा हलतो. ते नंतर एडिटिंगमध्येही नीट जात नाही. माझा स्क्रू तर मुळशीच्या पुढे ढिला झाला आणि अर्धा तास नुसती पेट्रोलची टाकी शूट झाली. तरी हँडलच हवं असेल तर कंपन शोषणारा रबर डॅम्पर लावा, कॅमेऱ्याला दोरी बांधा. हाफ हेल्मेटवाल्यांना हनुवटीचा प्रश्नच नाही.