१० एक्स हँड लेन्स, दोन वर्षं रोज वापरून झाल्यावर

ही लेन्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, घेतली ती आमच्या बॉटनीच्या मॅडममुळे. आख्खी नोकरी रानफुलं शिकवण्यात आणि नोंदवण्यात गेली त्यांची, रिटायर झाल्या तरी गळ्यात दोरी आणि दोरीला भिंग आहेच. कुठल्याही फुलाचा फोटो दाखवला की प्रश्न ठरलेला, "लेन्सखाली बघितलंस का?" आणि नसेल बघितलं तर नाव काही सांगायच्या नाहीत.

आधी मी एक स्वस्तातली घेतली होती, वर ३० एक्स छापलेलं. वाया गेले पैसे. कडेला सगळी रंगीत झालर दिसायची आणि मधलं तेवढंच जरा स्पष्ट. मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की पॉवर वाढली की दिसणारा भाग लहान होतो आणि फूल काचेला जवळजवळ टेकवावं लागतं, मग उजेड कुठून येणार. १० एक्सला फूल साधारण अडीच सेंटिमीटरवर धरायचं, बास. ही ट्रिप्लेट आहे, म्हणजे तीन काचा एकत्र चिकटवलेल्या, त्यामुळे कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. आणि एक, पेपर वाचायला धरतो तशी लांब धरू नका, लेन्स डोळ्याला लावायची आणि फूल जवळ आणायचं. पहिला आठवडा मी उलटंच करत होतो.

सुरुवात एकदांडीपासून करा, तण म्हणून कोणी बघतही नाही तिच्याकडे. आपण एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच, फुलांचा आख्खा गुच्छ असतो. कडेला फिकट रंगाची, टोकाला तीन दाते असलेली फुलं, ती फक्त मादी. मधे पिवळी नळीसारखी बारकी फुलं, प्रत्येकाला पाच टोकं, आणि प्रत्येकात परागकोष एकमेकांना चिकटून नळी झालेली. त्या नळीतून स्त्रीकेसराची दांडी वर येते ती पराग ढकलतच येते, आणि मग तिचं टोक दोन भागात फाटून बाहेर वळतं. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला किती वेळ बसून होतो मला माहीत नाही. बी सुटं करून बघा, त्यावरच्या केसांना पिसासारखे उपकेस असतात.

नोंदी ठेवणाऱ्यांसाठी तर ही पाहिजेच. नुसता वरून काढलेला फोटो खूपदा पुरत नाही, केस साधे आहेत की टोकाला ग्रंथी, म्हणजे रस सोडणारी बारीक गाठ आहे, देठावर आहेत की पानाच्या खालच्या बाजूला, यावर ओळख अडते. हर्बेरियम शीटवर, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवून ठेवतात त्या कागदावर, फूल वाळलं की रंग उडतो म्हणून मॅडम रंग आणि केस त्याच दिवशी, झाडाशेजारी बसूनच लिहायच्या, त्यांच्या वह्यांमधे बाजूला पेन्सिलीचं छोटं चित्र पण असतं. मी पण आता तसंच करतो.

तक्रार एकच, कव्हरचा स्क्रू सहा महिन्यात ढिला झाला, एकदा तर गवतात पडला आणि अर्धा तास शोधला. महिन्यातून एकदा आवळून घेत जा. लाइटवाली घ्यायची गरज नाही, उन्हाकडे तोंड केलं की झालं. दोरी मात्र पहिल्याच दिवशी बांधा. पाचपैकी साडेचार.