लहान मुलांच्या डेंटिस्टचा रिव्ह्यू (पोरगी तोंडावर आपटली होती)

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रिसेप्शनचा, रक्ताळलेल्या तोंडाचं पोर मांडीवर रडतंय आणि तुम्ही फॉर्म कसले भरायला लावता राव!! पण डॉक्टर मॅडम एक नंबर. खुर्चीत बसवायच्या भानगडीतच पडल्या नाहीत, माझ्या गुडघ्यांना गुडघे लावून बसल्या, लेकीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि पटकन तपासून मोकळ्या. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हे दाताच्याही आधी विचारलं. वरचा एक दात हिरडीत आत घुसलेला, मला वाटलं आता ओढणार, तर म्हणाल्या हात नाही लावायचा, बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप खाली येतो. दुसरा अख्खा निघालेला, तो मी दुधात घालून नेलेला, पण दुधाचा दात परत बसवत नाहीत, आतल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते म्हणे. मऊ खाणं, मऊ ब्रश, चोखणी बंद. दात काळपट पडला तर लगेच घाबरायचं नाही पण हिरडीवर पुळी किंवा सूज दिसली की यायचं, हे कागदावर लिहून दिलं. पुढच्या तपासणीसाठी फोनही त्यांनीच केला.