डाळिंब घालून घरी केलेला माचा लाटे: तीन पाकिटं वापरून झाल्यावरचा अनुभव

मागच्या एप्रिलपासून आमच्या घरात माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, आलाय (दूध घालून केला की त्याचा लाटे) आणि आत्तापर्यंत तीन वेगवेगळी पाकिटं आणून झाली, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहावं, कारण मी घ्यायच्या आधी शोधत होते तेव्हा फोटो सगळीकडं एक से एक होते पण आपल्या सोलापूरच्या उन्हात, आपल्या घरातल्या म्हशीच्या दुधात हे नक्की कसं होतं ते कुणीच सांगत नव्हतं.

सुरुवात लेकीमुळं झाली. ती पुण्याला शिकायला आहे, सुट्टीला आली की दोन दिवसात तिचं सुरू होतं, आई तिकडं स्ट्रॉबेरी माचा लाटे मिळतो, खाली लाल, मधी पांढरं, वर हिरवं, लई भारी लागतं. किंमत विचारली तर ३२० रुपये एका ग्लासाला. तेवढ्यात आपल्याकडं पाच लिटर दूध येतं, मग म्हणलं घरीच करू की.

पहिल्यांदा मी घरातली साधी ग्रीन टीची पानं मिक्सरला फिरवली. हे कुणी करू नका. कितीही फिरवलं तरी ती पूड वस्त्रगाळ होत नाही, दुधात टाकली की तळाला रेतीसारखी बसते आणि मिक्सरचं भांडं तापल्यामुळं वास पण वाळक्या गवतासारखा येतो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मुळात ही वस्तूच वेगळी. जपानमधे माचासाठी जी चहाची झाडं असतात त्यांच्यावर तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे सावली करतात, ऊन कमी मिळालं की पानात हिरवेपणा वाढतो आणि थिॲनिन नावाचा घटक टिकून राहतो, त्यानं चहाला कडूपणाच्या मागं एक गोडसर भरीव चव येते. मग पानं वाफवून वाळवतात, देठं-शिरा काढून टाकतात आणि दगडी जात्यावर दळतात, आणि ते जातं इतकं सावकाश चालतं की तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. आपण साध्या चहात पत्ती गाळून फेकतो, इथं अख्खं पानच पोटात जातं, म्हणून दळण किती बारीक आहे त्याच्यावर सगळा खेळ.

आता पाकिटांचं सांगते, नावं घेत नाही.

पहिलं पाकीट ऑनलाइन मागवलं, १०० ग्रॅम, ४५० रुपये, वर मोठ्या अक्षरात सेरेमोनियल ग्रेड, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा, असं लिहिलेलं. कुरियर आलं एप्रिलच्या शेवटी, म्हणजे आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं असतो तेव्हा, पाकीट हातात घेतलं तर गरम लागत होतं. उघडलं तर रंग वाळलेल्या मेंदीचा. पॅकिंगची तारीख शोधली, फक्त बेस्ट बिफोर लिहिलेलं, कधी दळलं त्याचा पत्ता नाही. चव नुसती कडू, आणि कडूपणाच्या मागं काहीच नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर म्हणे उघडलेलं पाकीट परत घेत नाही, अहो पण उघडल्याशिवाय आतला रंग दिसणार कसा? पैसे गेल्याचं वाईट वाटलंच पण जास्त वाईट याचं वाटलं की लेकीनं एवढ्या हौसेनं ग्लास सजवला होता आणि दोन घोट घेऊन ठेवून दिला. नंतर ते पाकीट केकमधे आणि आइस्क्रीममधे संपवलं, साखर भरपूर असली की चालून जातं. आणि एक लक्षात ठेवा, सेरेमोनियल हा शब्द कुठल्या सरकारी नियमात बसवलेला नाही, ज्याला वाटेल तो छापतो. त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका, रंग बघा, कुठल्या भागातला आहे ते लिहिलंय का बघा, तारीख बघा.

दुसरं पाकीट जूनमधे इथल्याच एका मोठ्या दुकानातनं घेतलं, रेडीमेड स्ट्रॉबेरी माचा लाटे मिक्स, नुसतं दूध घालायचं. मागची घटकांची यादी मी घरी येऊन वाचली, दुकानातच वाचायला पाहिजे होती. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहावं लागतं, तर पहिलं नाव साखर, दुसरं दूध पावडर, मग स्ट्रॉबेरीचा फ्लेवर आणि माचा कुठं तर चौथ्या नंबरला. लहान मुलांना गुलाबी दूध म्हणून आवडेल, चहा म्हणून त्यात काही नाही. यावर जास्त लिहित नाही.

तिसरा डबा, आणि हाच मी आता दुसऱ्यांदा मागवलाय, ३० ग्रॅमचा टिनचा, उजीचा माल, उजी म्हणजे क्योटोजवळचा भाग, तिथला चहा जुन्या काळापासून नावाजलेला आहे. ११५० रुपये. होय, महाग आहे. २०२४ च्या शेवटापासून जगभरात मागणी इतकी वाढली की जपानमधेच माल कमी पडायला लागला, तिथल्या जुन्या पेढ्यांनी एका गिऱ्हाइकाला किती द्यायचं त्यावर बंधन घातलं, त्यामुळं किमती चढल्यात. पण झाकण उघडल्यावर जो रंग दिसला ना, कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा हिरवागार, आणि वास ताज्या चिरलेल्या पालकासारखा, त्यातच कळलं की पहिलं पाकीट काय होतं ते. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळलं तर टाल्कम पावडरसारखं, कण म्हणून लागत नाही.

आता डाळिंबाकडं येते, कारण मला खरं सांगायचंय ते हेच आहे.

लेकीला स्ट्रॉबेरीच पाहिजे होती पण स्ट्रॉबेरी आपल्याकडं महाबळेश्वरहून येणार ती थंडीत, आणि पोचेपर्यंत निम्मी दबलेली असते. मग विचार केला, आपण राहतो कुठं, डाळिंबाच्या जिल्ह्यात. सोलापूर डाळिंबाला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला देशाचं डाळिंब संशोधन केंद्र आहे, सांगोला-पंढरपूरकडनं माल येतोय आणि बहार वेगवेगळे धरतात त्यामुळं वर्षातले बरेच महिने बाजारात भगवा (डाळिंबाचीच एक जात) असतोच. तो सोडून आपण फ्लेवरच्या बाटल्या कशाला आणायच्या?

पण नुसता डाळिंबाचा रस दुधात घालून जमत नाही, ते मी करून बघितलंय. पहिल्यांदा गरम लाटे केला होता, रस ओतला आणि बघता बघता ग्लासाच्या आतनं बारीक बारीक पांढरे कण चिकटायला लागले, दूध फाटलं. डाळिंब आंबट, आणि आंबट पडलं की दूध फाटणारच, गरम असलं की लगेच. म्हणून दोन गोष्टी करायच्या, रस आटवून घट्ट पाक करायचा म्हणजे थोडक्यात चव येते आणि रस कमी लागतो, आणि सगळं गारच करायचं.

दोन मोठी भगवा घेते, मंडईत आत्ता १४० रुपये किलोनं मिळाली, दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात. दाणे काढून मिक्सरला एकदा-दोनदाच झटका द्यायचा, जास्त फिरवलं तर आतल्या बिया फुटतात आणि रस तुरट होतो. पातळ फडक्यातनं पिळून घ्यायचा. चार चमचे साखर आणि चिमटीभर मीठ घालून स्टीलच्या पातेल्यात मंद गॅसवर ठेवायचा, लोखंडी कढई अजिबात नको, रस काळा पडतो. दहा-बारा मिनिटात तो निम्म्यावर येतो, आधी वर गुलाबी फेस येतो तो काढून टाकायचा, मग बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटायला लागतात, तेव्हा बशीत एक थेंब टाकून बशी तिरकी करायची, थेंब पळत नाही, हळू सरकतो, की गॅस बंद. इथं लक्ष गेलं की संपलं, दोन मिनिटं जास्त झाली तर रंग गुळासारखा होतो आणि डाळिंबाची ताजी चव निघून जाते. गार झाला की बाटलीत भरून फ्रीजमधे, आठवडाभर आरामात राहतो आणि तीन ग्लास होतात.

माचा घोटायचं पाणी उकळतं नको. उकळलं की झाकण काढून चार-पाच मिनिटं ठेवायचं, सत्तर-ऐंशी डिग्रीला आलं पाहिजे, उकळतं पाणी ओतलं की चांगला माचा पण कडू होतो. आणि बोअरचं पाणी वापरू नका, ते जड असतं, चहा मंद आणि निस्तेज लागतो, प्यायचं फिल्टरचं पाणीच घ्या. एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅम पूड, मैद्याच्या चाळणीतनं चाळून घ्यायची, चहाच्या गाळणीची भोकं मोठी असतात, गुठळ्या तशाच राहतात. त्यावर पाव कपापेक्षा थोडं कमी पाणी.

घोटायला जपानमधे बांबूचा ब्रश असतो, ऑनलाइन चांगला मिळतो तो ७००-८०० च्या पुढं, मी घेतला नाही. सेलवर चालणारा छोटा फेटणा घेतला २५० रुपयांचा, फेस येतो पण तीन महिन्यात त्याचा दांडा डुगडुगायला लागला. एकदा सेल संपले होते तर सासूबाई म्हणाल्या, अगं ताकाची लहान रवी आहे की, आण इकडं. त्यांनी उभट फुलपात्रात पूड-पाणी घेऊन दोन्ही तळहातात रवी अशी फिरवली की अर्ध्या मिनिटात वर बारीक हिरवा फेस, एक गुठळी नाही. पूड आधी चाळलेली पाहिजे एवढंच. तेव्हापासून फेटणा ड्रॉवरमधे आणि रवी ओट्यावर.

मग काचेच्या ग्लासात तळाला दोन मोठे चमचे पाक, त्यावर ग्लास भरून बर्फ, मग सकाळी तापवून साय काढलेलं फ्रीजमधलं गार दूध हळूच बर्फावरनं सोडायचं, सगळ्यात शेवटी घोटलेला माचा चमच्याच्या पाठीवरनं. पाक जड म्हणून खाली बसतो, थर आपोआप होतात, काही कसब लागत नाही. साय काढायलाच पाहिजे, म्हशीचं दूध आपल्याकडं दाट, साय राहिली की माचाची चव झाकून जाते. ढवळायचं प्यायच्या वेळेलाच आणि ढवळलं की लगेच प्यायचं, ठेवलं तर गार असलं तरी बारीक फाटतं.

चवीचं सांगायचं तर पहिल्यांदा डाळिंबाचा आंबटगोडपणा येतो, मग दूध, आणि घोट गेल्यावर मागं तो हिरवा, किंचित कडसर वास जिभेवर राहतो. स्ट्रॉबेरीपेक्षा मला हा जास्त जुळलेला वाटला, डाळिंबात स्वतःचा थोडा तुरटपणा आहे आणि चहात पण आहे, ते दोन्ही एकमेकांना ओळखतात. लेकीनं पण मान्य केलं, आणि ती सहजासहजी मान्य करत नाही.

बाकीची फळं पण झाली. हापूसचा आमरस मे महिन्यात घातला होता, मस्तच लागतो, पिकलेला आंबा गोड असल्यामुळं दूध फाटायची भीती कमी, फक्त पहिल्या पाकिटातला माचा होता म्हणून चहाची चव कळलीच नाही, येत्या उन्हाळ्यात परत करणार. अननस कच्चा घालू नका, त्यातल्या एन्झाइममुळं दूध कडू होतं, घालायचाच तर आधी शिजवून घ्या.

सासूबाईंचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, हे काय हिरवं हिरवं प्यायलीस गं, काढा हाय का? आता आठवड्यातनं एकदा स्वतः मागतात. पण त्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि चहा कुठलाही असो, लोह अंगी लागू देत नाही, म्हणून त्यांना जेवण आणि गोळी सोडून मधल्या वेळेलाच देते, तुमच्या घरी कुणाला रक्त कमी असेल तर तेवढं सांभाळा. आणि ह्यात कॅफिन चांगलंच असतं, संध्याकाळी सातनंतर प्यायलं तर मला बारापर्यंत झोप येत नाही.

ठेवायचं फ्रीजमधेच, घट्ट झाकणाच्या डब्यात. पहिलं पाकीट मी ओट्यावरच्या फडताळात ठेवलं होतं, तीन आठवड्यात होता तो हिरवेपणा पण गेला, ऊन, हवा, उजेड तिन्ही त्याला चालत नाही. डबा बाहेर काढला की थोडा वेळ तसाच ठेवून मग उघडा, नाहीतर आत दमट धरतो. म्हणूनच १०० ग्रॅमचं स्वस्त पाकीट घेण्यापेक्षा ३० ग्रॅमचं घ्या, दीड-दोन महिन्यात संपलं पाहिजे.

खर्चाचं बघायला गेलं तर ३० ग्रॅममधे पंधरा ग्लास, म्हणजे माचाचे ७७ रुपये, दूध १०, डाळिंब-साखर २५, एकूण ११० च्या थोडं वर. रोज प्यायचं पेय नाहीच हे, रविवारी दुपारी करायचं. तिसऱ्या डब्याला माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. पहिल्याला एक, तो पण केक बरा झाला म्हणून. रेडीमेड मिक्सला दोन. फेटण्याला अडीच, तुमच्या घरी रवी असेल तर घेऊच नका.

डब्यात आता चार-पाच चमचेच उरलेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला लेक येणार आहे, मैत्रिणीला पण घेऊन येतीय म्हणे, त्यामुळं ह्या आठवड्यात अजून एक डबा मागवते, तोच, ३० ग्रॅमचा, आणि डाळिंबं मार्केट यार्डातनंच आणीन म्हणतीय, थोडी स्वस्त पडतात.