साथरोगशास्त्राचे घरबसल्या शिक्षण : प्राथमिक आरोग्य केंद्रातील कामाच्या जोडीने घेतलेला अनुभव

सार्वजनिक आरोग्याचे पद्धतशीर शिक्षण घ्यायचे, पण नोकरी सोडून दोन वर्षे बाहेर राहणे शक्य नाही, अशा स्थितीत असलेले वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्य सहायक आपल्याकडे पुष्कळ आहेत. मीही त्यांपैकीच एक. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी तीन अभ्यासक्रम जोडीने करीत आलो : अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, ‘प्रिन्सिपल्स ऑफ एपिडेमिऑलॉजी इन पब्लिक हेल्थ प्रॅक्टिस’ हा स्वयंअध्ययन पाठ, कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील इम्पीरियल कॉलेज लंडनची साथरोगशास्त्राची तीन भागांची मालिका, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने एनपीटीईएल या भारतातील विनामूल्य ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर दिलेला ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’. इंटरनेटवर अशा अभ्यासक्रमांच्या याद्या भरपूर मिळतात, परंतु ते प्रत्यक्ष कामात कितपत उतरतात, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तिन्हींमध्ये माझ्या कामाची रीत खऱ्या अर्थाने बदलली ती सीडीसीच्या पाठाने. त्याची तिसरी आवृत्ती २००६ सालची आहे. सुमारे पाचशे पानांची ही पीडीएफ विनामूल्य उतरवून घेता येते आणि एकदा उतरवली की नेटवर्कची गरज उरत नाही, ही आमच्यासारख्या ठिकाणी मोठी सोय आहे. चित्रफिती नाहीत, सजावट नाही. सहा धडे, प्रत्येकात जागोजागी सोडवायची गणिते आणि धड्याच्या शेवटी त्यांची उत्तरे. वाचून पुढे गेलो असे येथे चालत नाही, कारण आधीच्या धड्यातील दर (किती लोकांमागे किती आजारी) काढता आले नाहीत तर पुढच्या धड्यातील तक्ते उलगडत नाहीत. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसण्याची तयारी असेल तरच हा पाठ हाती घ्यावा.

सहावा धडा उद्रेकाच्या तपासाचा आहे आणि त्यातील एक उदाहरण मी येथे मुद्दाम तपशिलाने देतो. एप्रिल १९४० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओस्वेगो काउंटीत एका चर्चच्या सामुदायिक भोजनानंतर लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. भोजनाला ८० जण होते. तपास करणाऱ्यांनी त्यांपैकी ७५ जणांना गाठले, त्यांत ४६ आजारी पडलेले होते. भाजलेले हॅम खाणाऱ्या ४६ जणांपैकी २९ आजारी, म्हणजे ६३ टक्के. एवढ्यावर थांबले तर हॅमच दोषी वाटेल. परंतु हॅम न खाणाऱ्या २९ जणांपैकीही १७ आजारी होते, म्हणजे ५९ टक्के; दोन्ही आकड्यांत फरक जवळजवळ नाहीच. व्हॅनिला आइस्क्रीमचे मात्र चित्र वेगळे : खाणाऱ्या ५४ जणांपैकी ४३ आजारी, न खाणाऱ्या २१ जणांपैकी केवळ ३. सुमारे ८० टक्के विरुद्ध १४ टक्के, म्हणजे साडेपाच पटींहून अधिक जोखीम. हा निष्कर्ष हाती आला तो आजारी न पडलेल्या २९ जणांनाही तेच प्रश्न विचारले गेले म्हणून.

आपल्याकडे उद्रेक झाला की लाइन लिस्ट, म्हणजे एकेका माणसाची एकेका ओळीत नोंद असलेली यादी, तयार होते, पण ती रुग्णांची. नाव, वय, पत्ता, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, उपचार. ज्यांना काही झाले नाही त्यांच्या घरात सहसा कोणी डोकावत नाही. पावसाळ्यात आमच्या क्षेत्रातील एका वाडीत गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले, तेव्हा आशाताईंना सोबत घेऊन आम्ही या वेळी निरोगी घरांतही गेलो आणि प्रत्येक घरी एकच साधा प्रश्न विचारला : गेल्या चार दिवसांत पिण्याचे पाणी कोठून आणले? आजारी घरांपैकी बहुतेकांनी नळयोजनेचे पाणी सांगितले, पण ते तसे अपेक्षितच होते, कारण वाडीत नळ बहुतेकांकडे आहेत. बोलके ठरले ते निरोगी घरांचे उत्तर : त्यांतील बरीच घरे वरच्या अंगाच्या बोअरवेलवर जात होती. नळाचे पाणी पिणारे व न पिणारे, आणि त्यांतील आजारी व निरोगी, असा चार चौकटींचा तक्ता मांडल्यावर संशय कोठे न्यायचा हे स्पष्ट झाले आणि जलसुरक्षकाने नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी चाचणी, घेत जाऊन जिथून पुढे क्लोरीन मिळेनासे झाले ती जागा शोधली. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचे पाणी साचलेले होते. टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) तर आम्ही पहिल्याच दिवशी टाकायला लावले होते. धड्यात तपासाच्या तेरा पायऱ्या दिल्या आहेत आणि नियंत्रणाचे उपाय त्यांत अकराव्या क्रमांकावर असले, तरी ते शक्य तितक्या लवकर सुरू करावेत, हेही तेथेच बजावलेले आहे. परंतु गळती नेमकी कोठे शोधायची, हे त्या तक्त्यामुळे कळले.

इम्पीरियलची मालिका याला चांगली पूरक आहे. रोगाचे मापन, अभ्यासाचे आराखडे, आणि निष्कर्षांची सत्यता व त्यांतील पूर्वग्रह असे तिचे तीन भाग. तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. आजारी माणूस आपण काय खाल्ले-प्यायलो हे पुन्हा पुन्हा आठवत असतो, निरोगी माणूस तेवढे आठवत नाही, आणि केवळ या फरकामुळे एखाद्या गोष्टीवर खोटा आळ येऊ शकतो, हे समजल्यापासून मी प्रश्न विचारताना सण, बाजाराचा दिवस, पाणी सुटण्याची वेळ अशा खुणा देऊ लागलो. शुल्क परवडत नसेल तर आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. मंजुरीला काही दिवस लागतात, तेवढी वाट पाहावी.

एनपीटीईएलचा अभ्यासक्रम संशोधनाकडे झुकलेला आहे : संशोधनप्रश्न, नमुना निवड, प्रश्नावली, नीतिनियम. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्राची परीक्षा मात्र शुल्क भरून केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि म्हणूनच त्या प्रमाणपत्राला वजन आहे असे माझे मत आहे. इतरत्र काही लघु-अभ्यासक्रमांत उत्तर बरोबर येईपर्यंत पर्याय बदलता येतात. तसली प्रमाणपत्रे कितीही साठवली तरी एक तक्ता मांडता येत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सीडीसीच्या पाठातील यंत्रणा अमेरिकी आहे. तेथे प्रयोगशाळेचा अहवाल आणि लोकसंख्येचा छेद, म्हणजे रुग्णसंख्येला ज्या एकूण लोकसंख्येने भागायचे तो आकडा, गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे निम्मे रुग्ण खासगी दवाखान्यात जाऊन येतात आणि कोठेच नोंदले जात नाहीत, ऊसतोडीच्या हंगामात गावेच्या गावे रिकामी होतात; अशा वेळी छेदात काय घ्यायचे, हे कोणताही धडा सांगत नाही. मी आशाताईंच्या घरोघर सर्वेक्षणाची वही वापरतो आणि स्थलांतरित कुटुंबे वेगळी मोजतो. भाषेची अडचण त्याहून मोठी आहे. आमच्या आरोग्य सेविकांना ओस्वेगोचे उदाहरण मराठीत फळ्यावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी ते भराभर सोडवले; बुद्धीची कमतरता कधीच नव्हती. अशी उदाहरणे मराठीतून, आपल्या जत्रा-लग्नांच्या जेवणावळींवर बेतून, शासनाच्या प्रशिक्षणात यायलाच हवीत.

मार्गदर्शकाची जागा यांपैकी कोणताही अभ्यासक्रम भरून काढत नाही. ज्यांना दोन वर्षे देता येतील त्यांनी चेन्नईच्या त्याच संस्थेचा २००१ पासून चालणारा क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा कार्यक्रम किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा २०१२ मध्ये सुरू झालेला इंडिया ईआयएस हा उद्रेक-तपासाचा प्रशिक्षण कार्यक्रम जरूर विचारात घ्यावा, कारण तेथे शिकणारा प्रत्यक्ष उद्रेकांवर अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली काम करतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी सीडीसीच्या पाठातील दुसरा, तिसरा आणि सहावा धडा छापून घ्यावा, पावसाळ्यापूर्वी सोडवून ठेवावा, आणि केंद्राच्या लाइन लिस्टच्या मागच्या बाजूला निरोगी घरांसाठी एक रकाना आजच आखून ठेवावा.