रोमान्स वाचणाऱ्यांचा स्लंप: जुनं परत वाचायचं, छोटं घ्यायचं, ऐकायचं की जॉनरच बदलायचा?

नवरात्र संपलं की बडोद्यात आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी हाच विषय निघतो: स्लंप, म्हणजे आवडीचं वाचनच अचानक अडणं. नऊ रात्री गरबा, घरी यायला एक-दीड, सकाळी ऑफिस, पुस्तक उशाशी तसंच पडलेलं, आणि मग ते उघडलं की हिरोचं नावच आठवत नाही. कुणाचा स्लंप परीक्षेनंतरचा असतो, कुणाचा बाळंतपणानंतरचा, कुणी एखादं इतकं भारी पुस्तक वाचलेलं असतं की त्यानंतरचे सगळे हिरो पाणचट लागतात. आणि सल्ला मात्र सगळ्यांना एकच, "अगं काहीतरी हलकंफुलकं वाच ना!" आता रोमान्स वाचणारीने अजून हलकं काय वाचायचं, ती तेच तर वाचते आणि तेच तर आता वाचवत नाहीये.

म्हणून पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू, पण त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका, निम्मे सल्ले इथेच फसतात: तुम्हाला वाचायचाच कंटाळा आलाय की प्रेमकथांचा? ओळखायचं कसं, तर रात्री कोरियन सिरीयलचे दोन एपिसोड सलग बघताय, तो तिच्यावर छत्री धरतो तिथे उशी आवळताय, पण पुस्तक तीन पानांपुढे जात नाही, तर तुमची प्रेमकथेची आवड शाबूत आहे, फक्त लक्ष टिकत नाहीये. उलट पेपर, फॉरवर्ड, कुणाचं तरी लांबलचक प्रवासवर्णन सगळं वाचून होतंय, आणि रोमान्स उघडलं की पहिल्याच चॅप्टरला तुम्हाला दिसतं की ह्या दोघांचं शेवटाकडे एका फालतू गैरसमजावरून फाटणार आणि मग तो धावत येणार, तर ते अजीर्ण आहे. खाली मी 'लक्षाचा स्लंप' आणि 'अजीर्ण' हेच दोन शब्द वापरते, म्हणजे कुठला उपाय कुणाला ते कळेल.

जुनं आवडतं परत वाचणं. लक्षाच्या स्लंपला माझं पहिलं मत ह्यालाच. नवीन पुस्तकात पहिली तीस-चाळीस पानं डोकं कामाला लागलेलं असतं, कोण कुणाची बहीण, ही मॅनेजर की ती, आणि थकलेल्या डोक्याला नेमकं तेच झेपत नाही. जुन्यात ते सगळं पाठ असतं. शेवट माहीत आहे म्हणून मजा जाईल म्हणाल तर रोमान्समध्ये शेवट कुणाला माहीत नसतो? शेवट गोड होणार ह्या बोलीवरच तर आपण पैसे देतो. फक्त एक करा, पान एकपासून सुरू करू नका. सरळ आपल्या सीनवर जा. जेन ऑस्टिनचं 'पर्स्युएजन' घ्या, दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, त्यातल्या हिरोचं, कॅप्टन वेंटवर्थचं पत्र शेवटून दुसऱ्या चॅप्टरमध्ये आहे, तेवढा एकच चॅप्टर वाचा. खोलीत चार माणसं गप्पा मारतायत, हा कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्यातरी कामाचं पत्र लिहायला बसलाय, हिरॉईनचं, ॲनचं बोलणं कानावर पडतंय तसतसं त्याच खोलीत तिच्यासाठी दुसरं पत्र लिहितोय, आणि एकदा बाहेर पडून, हातमोजे विसरल्याच्या निमित्ताने परत येऊन, ते तिच्यापुढे ठेवतो, विनवणीची नजर टाकून घाईने बाहेर जातो. काही मिनिटांचं वाचन आहे. पण मग आपोआप मागे जावंसं वाटतं की हा इतका चिडलेला का होता आधी, आणि तिथून गाडी सुरू होते.

तोटा पण सांगते. एकोणिसाव्या वर्षी आवडलेला हिरो पस्तिसाव्या वर्षी भलताच निघतो. मनगट धरून ओढणारा, तिने नाही म्हटलं की त्याला लाजणं समजणारा, तिच्या ऑफिसात न विचारता हजर होणारा, तेव्हा ते 'पॅशन' वाटायचं आणि आता वाटतं की हिच्या भावाला फोन करावा. असं झालं की स्लंप तर राहतोच वर दुःख वेगळं. त्यामुळे फार पूर्वी वाचलेलं काढू नका, चार-पाच वर्षांपूर्वी वाचलेलं काढा. आणि अजीर्णवाल्यांनी ह्या वाटेला जाऊच नका.

छोटं वाचणं. ह्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या एकात घालतात. मिल्स अँड बून, दिवाळी अंकातली कथा, आणि प्रतिलिपीसारख्या ॲपवरची भागांची मालिका.

मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ पासूनची, आणि त्यांची नेहमीची कादंबरी साधारण पन्नास हजार शब्दांची, म्हणजे १८०-१९० पानं. मिनिटाला अडीचशे शब्दांचा स्पीड धरला तर साडेतीन तास, रविवारची दुपार जेवल्यापासून चहापर्यंत. शेवट गोड होणार ह्याची खात्री, आणि एक पुस्तक पूर्ण झाल्याचं समाधान, स्लंपमध्ये ते समाधान फार मोठं असतं कारण अर्धवट टाकलेल्यांचा ढीग डोळ्यासमोर असतो. पस्तीवाल्याकडे जुन्या प्रती मिळतात, कव्हरवरचा माणूस कितीही हास्यास्पद असला तरी घ्या, घरी आल्यावर पेपरचं कव्हर घाला.

दिवाळी अंकाचं गणित वेगळं. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून मराठीत ही परंपरा चालू आहे आणि नवरात्रानंतरच्या स्लंपला अंक अगदी वेळेवर येतात. चार-पाच हजार शब्दांची कथा अर्ध्या तासात होते. पण गोड शेवटाची हमी इथे कुणीच दिलेली नाही! अनुक्रमणिकेत प्रेमकथा म्हणून छापलेलं असतं आणि शेवटच्या परिच्छेदात ती खिडकीत उभी, तो परदेशात, चहा गार. साहित्य म्हणून चांगलंच असेल, पण आपल्याला स्लंपमधून बाहेर यायचंय, आणखी आत नाही जायचंय. मी तर बिनधास्त आधी शेवटचा परिच्छेद वाचते.

ॲपवरच्या मालिकेचा एक-एक भाग पाच-सात मिनिटांचा असतो, बऱ्याचशा फुकट असतात, आणि प्रत्येक भाग नेमक्या ठिकाणी तोडलेला असतो त्यामुळे बोट आपोआप पुढे जातं. तीन पानांवर लक्ष उडणाऱ्यांना ही सुरुवात खरंच सोपी. पण काही मालिका शंभर-दीडशे भाग चालतात, मध्ये सासू, मध्ये अपघात, मध्ये स्मृती जाते, आणि लेखिकेने अर्ध्यात सोडून दिलेली असली तर तुम्ही अधांतरी. मालिका पूर्ण झाली आहे का ते बघूनच पहिला भाग उघडा. आणि ती फोनवर असते, म्हणजे ज्या यंत्रामुळे लक्ष गेलं त्याच यंत्रावर ते परत आणायचं, वरून नोटिफिकेशन टपकत असतात. तिघांत निवडायचं तर मी मिल्स अँड बून, मग मालिका, आणि दिवाळी अंक स्लंप निम्मा उतरल्यावर.

ऐकणं. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं आणि तेव्हापासून मराठीत ऐकायला भरपूर झालंय, इंग्रजीसाठी ऑडिबल आहे. नव्वद हजार शब्दांची कादंबरी ऐकायला नऊ-दहा तास लागतात, स्पीड सव्वापट केला तरी सात-आठ, म्हणजे वाचण्यापेक्षा वेळ जास्तच जातो, पण तो वेळ भाखऱ्या लाटताना, कपडे घड्या घालताना, फतेगंज ते मकरपुरा ट्रॅफिकमध्ये असा निघतो. ज्यांना वेळच नाही किंवा दिवसभर स्क्रीनमुळे डोळे दुखतात, त्यांनी बाकी सगळं सोडून हेच करावं. लक्षाच्या स्लंपला मात्र निम्माच उपयोग, कारण पुस्तकात लक्ष उडालं तर डोळा त्याच ओळीवर थांबलेला असतो, कानात तसं नाही, तुम्ही दुधाचा हिशोब करेपर्यंत तिकडे दोघांचं लग्न ठरलेलं असतं. आणि सगळं आवाजावर. हिरोचे डायलॉग वाचणाऱ्याचा आवाज नाही पटला तर गोष्ट कितीही चांगली असू दे, जमत नाही, म्हणून सॅम्पल पाच मिनिटं तरी ऐका. दुसरं म्हणजे हेडफोन. स्वयंपाकघरात स्पीकरवर लावून ठेवायचं आणि बाराव्या चॅप्टरला पावसात अडकलेल्या त्या दोघांना एकच खोली मिळायची, आणि त्याच क्षणाला सासूबाई पाण्याची बाटली भरायला यायच्या, हे होणारच आहे.

आता जॉनर, म्हणजे पुस्तकाचा प्रकारच बदलणं. लोक सांगतात, रोमान्स सोड थोडे दिवस, थ्रिलर वाच, सेल्फ-हेल्प वाच. अजीर्णाला हा सल्ला बरोबर आहे पण अर्धाच. एकदम उडी मारून रक्तबंबाळ खूनकथेत गेलात तर आपल्यासारखीला पहिल्या पन्नास पानांत जो बरा मुलगा वाटतो नेमका त्याचाच मुडदा पडतो आणि मग आठवडाभर पुस्तकाला हात लावावासा वाटत नाही. त्यापेक्षा जिच्यात तपास करणारी जोडी हळूहळू जवळ येते अशी रहस्यकथा घ्या, म्हणजे पुढे ओढणारा प्रश्न खुनी कोण हा असतो आणि प्रेम बाजूने चालतं.

किंवा जॉनर तोच ठेवून ट्रोप, म्हणजे गोष्टीचा ठरलेला साचा बदला, हे जास्त लोकांना जमतं आणि कुणी सांगत नाही. अजीर्ण बहुतेक वेळा रोमान्सचं नसतंच, सलग एकाच ट्रोपचं असतं. शत्रू-ते-प्रेमी लागोपाठ वाचलं की सगळा जोर भांडणावर असतो, टोमणे, अपमान, मग अचानक चुंबन, आणि ते साचेबद्ध वाटायला लागतं. त्याऐवजी सेकंड चान्स, म्हणजे तुटलेलं प्रेम पुन्हा जुळण्याची गोष्ट घ्या, तिथे ओळख झालेली असते आणि प्रश्न जुन्या जखमेचा असतो, वेग एकदम वेगळा. किंवा सोयीचं लग्न, म्हणजे आधी लग्न मग प्रेम. परदेशी लेखिकांना त्यासाठी मृत्युपत्र, वारसाहक्क, व्हिसा असली कारणं शोधावी लागतात, आपल्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या मावश्या त्याच ट्रोपमध्ये चाळीस वर्षं राहतायत. ज्यांना हिरो लगेच 'आय लव्ह यू' म्हणण्याचा वीट आलाय त्यांना हे चालेल.

अजीर्णासाठीच आणखी एक वाट, आणि ही आपल्या बडोद्यात सोपी आहे: जुनी मराठी प्रेमकादंबरी. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी बघितली नसेल तर ह्या निमित्ताने बघा. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यातल्या लायब्रऱ्या उभ्या केल्या, तिथे लोखंडी रॅक आणि काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. मराठी पुस्तकं भरपूर. फडके घ्या. ना. सी. फडके, १८९४ ते १९७८, 'कलेसाठी कला' म्हणून खांडेकरांशी वाद घालणारे, आणि गोष्ट कशी बांधायची ह्यावर १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' लिहिणारे. त्यांच्या गोष्टीत माणसं देखणी, घरं नीटनेटकी, कुणीतरी टेनिस खेळतंय, आणि वाक्य कुठे अडत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा बिलियनेअर रोमान्स म्हणा हवं तर. त्यापेक्षा जलद हवं असेल तर चंद्रकांत काकोडकर. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या ह्यांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. आजच्या ॲपवरच्या मालिका वाचणारीला त्यात नेमकं अश्लील काय होतं हेच शोधत बसावं लागेल, आणि शोधत बसणं म्हणजे वाचणंच की.

पण ह्यातही शेवटाची हमी नाही, त्याग, आजारपण, 'तू सुखी रहा' वगैरे होऊ शकतं, आणि बायका नको तितक्या सोसतात. शिवाय लायब्ररीत परतीची तारीख असते. मला ती आवडते, घरचं पुस्तक वर्षभर पडून राहतं आणि तारखेचं पुस्तक निदान उघडलं तरी जातं. ज्यांना तारखेचं टेन्शन येतं त्यांनी मात्र टाळा, स्लंपमध्ये दंड भरायला लागला की पुस्तकांवरच राग निघतो.

काहीच न वाचणं हा पण पर्याय आहे आणि तो फुकट आहे. वाचनाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर वर्षाला पन्नास पुस्तकांचं चॅलेंज लावून ठेवलं असेल तर आधी ते काढून टाका. ॲप रोज सांगत असतं की तुम्ही सात पुस्तकं मागे आहात, आपण काय त्याचं कर्ज घेतलंय? महिना-दोन महिने नाही वाचलं तर काही बिघडत नाही. मात्र झोप उडालीये, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर तो पुस्तकांचा विषय नाही, घरात कुणाशी तरी बोला, डॉक्टरांकडे जा.

राहिलं मैत्रिणीबरोबर एकच पुस्तक वाचणं. वरच्या कुठल्याही पर्यायाला हे जोडता येतं आणि लक्षाच्या स्लंपला सगळ्यात जास्त लागू पडतं, कारण ती पाचव्या चॅप्टरला पोचली आणि आपण दुसऱ्यालाच हे सहन होत नाही. जोडीदारीण मात्र आपल्याच स्पीडची बघा. एका रात्रीत संपवणारी नको, आणि सकाळी साडेसहाला 'अगं तो तिला सोडून गेला गं' असा व्हॉइस नोट पाठवणारी तर अजिबात नको, असली एक आमच्या ग्रुपमध्ये आहे, तिला आम्ही पुस्तकाचं नावच सांगत नाही, सेव-उसळ खायला तेवढं बोलावतो.